घर विकायला काढताना: आहे तसं, दुरुस्त करून की सजवून?

घर विकायचं ठरलं की घरातच दोन मतं पडतात. एक जण म्हणतो, "आहे तसं दाखवू, घेणारा त्याला हवं तसं करून घेईल." दुसऱ्याला रंग हवा असतो, नवे दिवे हवे असतात, जमलंच तर स्वयंपाकघरही नव्याने करायचं असतं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण घर बघायला येणारा माणूस तिसऱ्याच जागी उभा असतो. तो आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठा खर्च करायला निघालाय आणि या भिंतींमागे काय आहे ते त्याला ठाऊक नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हीच गोष्ट मांडली. मालाची खरी अवस्था विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा संशयापोटी चांगल्या मालालाही हात राखूनच भाव देतो. घराला हे जसंच्या तसं लागू पडतं, म्हणून खालचे सगळे पर्याय मी एकाच कसोटीवर तपासले आहेत: या खर्चाने येणाऱ्याची शंका कमी होते का? दिसणं छान होतं का, हा प्रश्न त्यानंतरचा.

आहे तसं विकणं, डागडुजी आणि नूतनीकरण

आहे तसं विकणं दोन परिस्थितींत खरोखर योग्य ठरतं. घर इतकं जुनं असेल की घेणारा आतून सगळं नव्यानेच करणार, तेव्हा तुम्ही लावलेला रंग तो पहिल्याच आठवड्यात खरवडून काढेल. किंवा तुमच्याकडे वेळच नसेल. मात्र तसं असेल तर जाहिरातीत ते स्पष्ट लिहा आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगा. आणि 'आहे तसं' म्हणजे अस्वच्छ नव्हे. खिडक्यांच्या काचा, स्वच्छतागृहातल्या टाइल्सचे सांधे, पंख्यांची पाती, स्विचच्या पाट्यांवरचे बोटांचे डाग एवढं तरी घासूनपुसून घ्यावंच लागतं. त्यात पैसे जवळपास जात नाहीत, कष्ट जातात.

किरकोळ डागडुजीच्या मी ठामपणे बाजूने आहे. ठिबकणारा नळ, अडकणारं दार, सैल झालेलं स्विचचं बटण, तडकलेली फरशी, कडी न लागणारी खिडकी. घरमालकाला याची सवय झालेली असते. पाहणाऱ्याला भिंतीतला पाइप दिसत नाही, म्हणून तो दिसणाऱ्या नळावरून न दिसणाऱ्या पाइपाचा अंदाज बांधतो. नळ बदलायला प्लंबर घेईल तेवढीच रक्कम तो मनातून वजा करत नाही. या घराकडे कुणी लक्षच दिलेलं नाही असं त्याने धरलेलं असतं, आणि त्या धास्तीइतकी रक्कम तो कापतो. म्हणून लहान, डोळ्यांना दिसणारे दोष विकण्याआधी दुरुस्त करावेत. मोठ्या कामांचं गणित उलटं असतं. छताची दुरुस्ती किंवा जुनं पण धोकादायक नसलेलं सगळं वायरिंग बदलणं यासारख्या कामाचा जाणकाराकडून लेखी अंदाज घ्यावा, तो खरेदीदारासमोर ठेवावा आणि किमतीत सवलत द्यावी. काम कोणाकडून करून घ्यायचं हे त्याला ठरवता येतं आणि आकडा समोर असल्याने भीती आटोक्यात राहते.

विक्रीसाठी म्हणून स्वयंपाकघर किंवा स्वच्छतागृह पूर्ण नवं करणं मला बहुतेक वेळा पटत नाही. तुम्ही निवडलेला ओटा आणि टाइल्स ही तुमची आवड असते. घेणाऱ्याला ती आवडली नाही, तर तो आवडत नसलेल्या नव्या वस्तूंचेही पैसे मोजतो आणि वर त्या काढण्याचा खर्चही त्याच्याच गळ्यात पडतो. काम लांबलं की विक्रीही लांबते. स्वच्छतागृह वापरण्याजोगंच नसेल किंवा वायरिंग धोकादायक असेल, तर मात्र या कामाला पर्याय नाही.

रंग, आणि ओलीचा प्रश्न

रंगाला मी वेगळी जागा देतोय, कारण कमी खर्चात सर्वांत मोठा बदल त्यानेच होतो आणि सर्वांत जास्त फसवणूकही त्याच्याच आडून होते. फिकट, किंचित उबदार पांढऱ्या छटा जास्त उजेड परावर्तित करतात. त्यामुळे अंधारी खोली मोकळी वाटते आणि येणाऱ्याला तिथे आपलं सामान कल्पनेत मांडता येतं. गडद भिंतीवर फिकट रंग चढवायचा असेल तर खाली प्रायमरचा हात हवाच, नाहीतर दोन हातांनंतरही जुना रंग डोकावतो. रंगाचा वास जायला काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, तेव्हा तेवढे दिवस हाताशी ठेवून काम धरा.

आता ओलीकडे. ओल्या भिंतीवर रंग मारणं हा मला या सगळ्यातला सर्वांत वाईट पर्याय वाटतो. भिंतीतलं पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. पाण्याची वाफ होते, क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीसारखे उरतात. वरून रंगाचा थर दिला असेल तर तो आतून सुटतो, फुगतो आणि पोपडे पडतात. याला फार काळ लागत नाही. कधीकधी घर दाखवण्याच्या काळातच ते उघडं पडतं. योग्य क्रम असा: आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं (छत, वरच्या मजल्याचं स्वच्छतागृह, बाहेरच्या भिंतीतली भेग, भिंतीतला पाइप), ते बंद करायचं, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग खरवडून पुट्टी, प्रायमर आणि रंग. भिंत वाळायला आठवडे लागू शकतात. गिलावा नव्याने केला असेल, तर तो पक्का होऊन वाळायला साधारण २८ दिवस धरतात.

एवढा वेळ नसेल तर? मग डाग तसाच राहू द्या. गळती दुरुस्त केल्याचं बिल दाखवा आणि भिंत वाळत असल्याचं सांगा. सगळ्या खोलीचा रंग जुना आणि एकाच कोपऱ्यात ताजा चौकोन, हे बघून अनुभवी खरेदीदार त्या कोपऱ्यावर हात ठेवून पाहतो आणि तिथून पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. शिवाय माहीत असलेला मोठा दोष लपवणं अनेक देशांत कायद्यानेही अंगाशी येतं.

राहतं घर दाखवावं की रिकामं करून?

राहत्या घराची जमेची बाजू मोठी आहे. ते हवेशीर असतं, नळांना पाणी खेळतं, दिवे लागतात, आणि पलंग किंवा सोफा दिसला की खोलीच्या आकाराचा अंदाज येतो. अडचणी तीन आहेत: सामान, वास आणि मालक.

सामानातली गर्दी लोकांच्या लक्षात येते, पण ते ती शेजारच्या खोलीत नाहीतर कपाटात कोंबतात. पाहणारे कपाटं उघडून बघतात, आणि बघायलाच हवीत, कारण तेही घराचा भाग म्हणूनच विकलं जातंय. खचाखच भरलेलं कपाट 'इथे जागा पुरत नाही' असं सांगतं. अर्धं रिकामं केलं की तेच मोठं दिसतं. त्यामुळे जास्तीचं सामान घराबाहेरच हलवा, नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या गोदामात. तसंही ते पुढेमागे बांधायचंच आहे.

वासाचं दुखणं असं की तो मालकाला येतच नाही. नाक सततच्या वासाला सरावतं आणि त्याची नोंद घेणं थांबवतं. घरातला पाळीव प्राणी, तंबाखू, दमट कपडे, तळण यातलं काहीही असलं तरी ते घरात न राहणाऱ्या माणसालाच विचारावं लागेल. सुगंधी फवारे मारून उपयोग होत नाही, उलट काय झाकलंय अशी शंका येते. पडदे, गाद्या, गालिचे धुऊन किंवा उन्हात टाकून वासाचं मूळ काढा.

मालकाचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं की माणूस आपल्या मालकीच्या वस्तूला, ती आपली आहे एवढ्याच कारणाने, जास्त किंमत देतो. पुढे त्यांनी, मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक नेट्श यांनी प्रयोगात काही लोकांना साधे मग दिले, तेव्हा मग मिळालेल्यांनी विकण्यासाठी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. एका मगचं हे, तर वर्षानुवर्षं राहिलेल्या घराचं काय होत असेल! म्हणून काय ठेवायचं, काय हलवायचं हे बाहेरच्या माणसाच्या नजरेने ठरवा. आणि घर दाखवताना शक्य असेल तर थोडी माहिती देऊन बाहेर पडा. मालक पाठोपाठ फिरत असेल तर पाहणारे आपसात मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि घर घेण्याचे निर्णय त्या बोलण्यातूनच होतात.

रिकाम्या घराचा मोठा गुण म्हणजे प्रामाणिकपणा. प्रत्येक भिंत, प्रत्येक कोपरा समोर असतो आणि कुणाच्या सोयीची वाट न बघता केव्हाही दाखवता येतं. पण नजरेला माप म्हणून धरायला काही नसल्याने खोलीत पलंग बसेल का हे लोकांना सांगता येत नाही. आवाज घुमतो, खिळ्यांची भोकं आणि कपाटामागे राहिलेला जुन्या रंगाचा चौकोन ठळक दिसतो.

रिकाम्या घरात आणखी एक गोष्ट घडते, जी फार थोड्यांना माहीत असते. बेसिन आणि फरशीवरच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी अडवून ठेवणाऱ्या भागात, नेहमी थोडं पाणी साचून असतं आणि तेच सांडपाण्याच्या नळातली दुर्गंधी अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी हळूहळू उडून जातं, मग वासही येतो आणि झुरळंही. आठवड्याने प्रत्येक जाळीत पाणी ओता, नळ थोडा वेळ वाहू द्या, खिडक्या उघडा. वीज अजिबात तोडू नका. अंधारात मोबाइलच्या उजेडावर पाहिलेलं घर सहसा कुणाच्या मनात भरत नाही.

दोन्हींमध्ये निवडायचं झालं तर मी निम्म्या सामानाचं राहतं घर निवडेन. घर आधीच रिकामं असेल, तर पुढचा प्रश्न वाचा.

स्वतःचं, भाड्याचं की संगणकातलं फर्निचर?

विक्रीसाठी घर मांडून दाखवण्याची पद्धत अमेरिकेत बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. आता अनेक ठिकाणी त्यासाठी फर्निचर भाड्याने मिळतं. ते देखणं असतं, पण भाडं घर विकेपर्यंत चालूच राहतं, आणि घर केव्हा विकलं जाईल हे तुमच्या हातात नसतं. घ्यायचंच तर सगळं घर भरू नका. बैठकीची खोली आणि एक शयनगृह पुरतं, बाकी खोल्यांचा अंदाज लोक त्यावरून घेतात. मुद्दाम छोटं फर्निचर लावून खोली मोठी भासवण्याची युक्ती काही जण सुचवतात, तिच्या नादी लागू नका. पलंग खऱ्या मापाचा, म्हणजे साधारण १५० बाय २०० सेंटिमीटरचा ठेवा आणि बाजूने किमान ६० सेंटिमीटरची वाट राहू द्या. तेवढी वाट राहत असेल तर खोली स्वतःच आपली बाजू मांडते.

संगणकावर फोटोत फर्निचर भरणं फार स्वस्त पडतं आणि जाहिरातीपुरतं ते कामही करतं. पण माणूस प्रत्यक्ष येतो तेव्हा त्याला रिकाम्या भिंतीच दिसतात. प्रत्येक सजवलेल्या फोटोशेजारी त्याच खोलीचा मूळ फोटो द्या आणि फर्निचर काल्पनिक असल्याचं लिहा, मग कुणाचाच अपेक्षाभंग होत नाही. भिंतीतली भेग, खोलीतला खांब, खिडकीबाहेरच्या तारा पुसणं मात्र सरळसरळ खोटेपणा आहे.

दिव्यांबद्दल थोडक्यात: एका खोलीत पिवळट आणि निळसर दिवे एकत्र नकोत. दिव्याच्या खोक्यावर उजेडाची छटा केल्विनमध्ये लिहिलेली असते, आकडा कमी तितका उजेड पिवळट. बैठकीत २७०० ते ३००० केल्विन, स्वयंपाकघरात ४००० च्या आसपास.

फोटो: स्वतः काढावेत की छायाचित्रकाराकडून?

लहान, उजेडाच्या घराला चांगला मोबाइल पुरतो. त्यातली सर्वांत रुंद लेन्स टाळा, ती खोली ताणून दाखवते आणि कडेचं कपाट वाकडं करते. मुख्य लेन्स वापरा, कॅमेरा छातीच्या उंचीवर धरा, भिंतींच्या उभ्या रेषा सरळ ठेवा आणि दारातून किंवा कोपऱ्यातून फोटो घ्या. खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार अशा खोल्या असतील तर छायाचित्रकाराला पैसे द्या. तो एकाच दृश्याची कमी-जास्त उजळ टिपलेली चित्रं एकत्र जोडतो, त्यामुळे खोली आणि बाहेरचं दृश्य दोन्ही दिसतात. दोन्ही पर्यायांत एक गोष्ट जोडाच: मापांसह घराचा नकाशा. कुठली खोली कुठे उघडते हे फोटोंतून कधीच नीट कळत नाही.

जाहिरात आजच की तयारी झाल्यावर?

घाई असली की लोक अर्धवट फोटो टाकतात आणि "चांगले नंतर बदलू" म्हणतात. पण त्या भागात घर शोधणारे जे लोक आधीच टपून असतात, ते नवी जाहिरात आल्या आल्या बघतात. त्यांनी पसाऱ्याचे फोटो पाहून घर एकदा बाजूला टाकलं, की सुधारलेल्या फोटोंकडे ते परत वळतीलच असं नाही. म्हणून जाहिरातीची तारीख आधी ठरवा आणि तिथून मागे मोजा: फोटो, त्याआधी सफाई, त्याआधी रंग, त्याआधी दुरुस्ती, आणि ओल असेल तर भिंत वाळण्याचा काळ.

हे गणित बसत नसेल, म्हणजे विकण्याची तारीख पक्की असेल आणि भिंत तोवर वाळणार नसेल, तर रंगाचा विचार सोडा. घर स्वच्छ करा, दुरुस्तीची बिलं आणि उरलेल्या कामाचा लेखी अंदाज एका फाइलमध्ये लावा, किंमत त्या हिशेबाने ठेवा आणि आलेल्या माणसाला ती ओली भिंत स्वतःहून दाखवा.