बचत गटाची बँकजोडणी: सेवा कशी आहे?

गावात अडीनडीला पैसा लागला तर महिला बचत गटाइतकी भरवशाची सोय नाही, असं आमचं ठाम मत आहे. १० ते २० जणी, दर आठवड्याला बैठक, ठरलेली बचत आणि त्यातूनच कर्ज. व्याजही गटातच राहतं. महिना २ टक्के दर सर्रास दिसतो, म्हणजे १०,००० रुपयांवर पहिल्या महिन्याला २०० रुपये. पुढे व्याज उरलेल्या मुद्दलावरच लावायचं, हे ठरावात लिहून घ्या.

खरी ताकद बँकजोडणीत, म्हणजे गटाला बँकेचं कर्ज मिळण्यात आहे. सहा महिने पंचसूत्री (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब) पाळली की बँक ग्रेडिंग करून, म्हणजे गटाच्या कामाला गुण देऊन, विनातारण कर्ज देते. प्रकरण अडतं ते वह्यांपाशी. इतिवृत्त महिन्याचं एकदम लिहिलेलं, कर्जवही पासबुकाशी जुळत नाही, बचत खात्यात नुसती पडून. पैसा गटात फिरलेला दिसलाच पाहिजे. सही करणारी गाव सोडून गेली तर खातंच अडकतं. नव्या सहीचा ठराव लगेच करा.

सर्वात महागात पडते ती बँकेच्या कर्जाची समान वाटणी. शेळ्या घेणारीला पैसा अपुरा पडतो, गरज नसलेलीच्या हातून तो घरखर्चात जातो आणि हप्ते दोघींचेही थकतात.