२५ लिटरचा सांगून ८ लिटरचा श्रिंप टँक गळ्यात मारला, नागपूरकरांनो मोजून घ्या

नागपुरात कोणी श्रिंप, म्हणजे काचेच्या टँकमधले शोभेचे छोटे झिंगे, पाळायचा विचार करून राहिलं असेल आणि दुकानवाला "कम्प्लीट श्रिंप सेट" दाखवून राहिला असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझे साडेतीन हजार गेले त्यात. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हाच सेट हीच थाप मारून विकणारे शहरात अजून पण आहेत असं बाकीच्यांकडून समजलं, एकाचं नाव घेतलं की उरलेले साळसूद होतात.

मला चेरी श्रिंप हवे होते, ते लाल, इंचभराचे असतात ते. थोडंफार वाचूनच गेली होती, की नवीन माणसाने वीस लिटरच्या खाली जाऊच नये आणि चाळीस असला तर उत्तम. तेच त्याला म्हटलं. तो म्हणे, ताई मग हाच घ्या ना, पंचवीस लिटरचा आहे. बॉक्सवर खरंच मोठ्ठं २५ छापलेलं होतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पण त्याने "२५ लिटर, श्रिंपसाठी बेस्ट" असंच लिहून पाठवलं होतं. टँक, स्पंज फिल्टर, काळी सॉईल (तळाला टाकायची दाणेदार माती), थोडं मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड), बॅक्टेरियाची बाटली आणि वीस श्रिंप, सगळं एकत्र.

घरी पाणी भरायला घेतलं तेव्हा डाव समजला. एक लिटरच्या बाटलीने भरत होती, आठवी बाटली संपायच्या आतच टँक भरला. मग टेप काढला. बाहेरून ३० सेंटीमीटर लांब, २० रुंद, २० उंच. हिशोब एकदम सोपा आहे, तिन्ही मापं सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि हजारने भागायचं, म्हणजे १२ लिटर झाले, आणि ते पण बाहेरच्या मापाने. त्यातून ५ एमएमची काच वजा करा, खाली ५ सेंटीमीटर सॉईल, वर दोन-अडीच सेंटीमीटर रिकामं, की सॉईलच्या वर साडेसहा लिटरच पाणी उरतं, बाकी जे काय ते सॉईलच्या दाण्यांमध्ये मुरलेलं. मग ते २५ काय होतं? मॉडेलचा नंबर! कंपनीने बॉक्सच्या बाजूला खरी मापं बारीक अक्षरात छापलेली होती आणि बरोबर त्यावरच दुकानाचं किमतीचं स्टिकर चिकटवलेलं. हे चुकून झालं असं मला कोणी सांगू नका.

फोन केला तर म्हणे, ताई श्रिंप घाण कुठे करतात, त्यांना एवढं पाणी पण लय होते. ही थाप अर्धी खरी आहे म्हणूनच खपते. श्रिंपची घाण माशापेक्षा खरंच कमी असते, पण मोठा टँक घाणीपुरता नसतो, तो पाणी एकसारखं राहावं म्हणून असतो. साडेसहा लिटरमध्ये एक श्रिंप कोपऱ्यात मरून सडला किंवा खाणं जरा जास्त पडलं की पाण्यात अमोनिया, म्हणजे सडण्यातून येणारं विष, लगेच वाढतो, तेच पन्नास लिटरमध्ये पसरून जातं आणि तुम्हाला निस्तरायला वेळ मिळतो. आणि आपल्याकडचा उन्हाळा! चेरी श्रिंप २०-२६ डिग्रीत मजेत असतात, ३० च्या वर गेलं की त्रास सुरू, आणि इथे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, घरात कूलर बंद केला की भट्टी. मोठा टँक पण तापतोच, पण हळूहळू, छोटा दुपारी तापतो रात्री कूलरने गार होतो, रोजचं वर-खाली. वर पंखा लावला तर पाणी उडून जातं. फक्त पाणी उडतं बरं का, क्षार आत राहतात, म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी नळाचं किंवा बोअरचं टाकत राहिलं की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, चढतच जातो. साडेसहातलं दीड लिटर उडालं म्हणजे जवळपास पाव टँक गेला, दोन फुटी टँकला त्याचं काही वाटत पण नाही. पाण्यात असे झटके बसले की श्रिंपना कात नीट टाकता येत नाही, पाठीवर पांढरी रिंग दिसते आणि बहुतेक वेळा तो मेलाच समजा.

बॅक्टेरियाची बाटली टाका आणि त्याच दिवशी श्रिंप सोडा, हे पण त्याचंच. टँक सायकल व्हायला, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्यात पुरेसे वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात, नव्या सॉईलमधून तर सुरुवातीला अमोनिया सुटतो. बाटलीने थोडी मदत होत असेल, एका दिवसात काही होत नाही. माझे थोड्याच दिवसात अर्धे गेले. मग हाच माणूस म्हणे, चेरी नाजूक असतात, अमानो न्या (ही श्रिंपची दुसरी जात), दणकट असतात, आणि दुप्पट भावाने पाच दिले. आईने बघितल्या बघितल्या म्हटलं, अगं हे तं नदीचे झिंगे आहेत, बुधवारी बाजारात वाट्याने मिळतात. लांब चिमटे होते त्यांना. अमानोला असे लांब चिमटे नसतात, अंगावर बाजूने ठिपक्यांची ओळ असते. उरलेल्या चेरींना त्यांनी एकेक करून खाऊन टाकलं.

खरं म्हणजे टँकमध्ये त्याला किती सुटले कोण जाणे, कमाई पुढे आहे, छोट्या टँकमध्ये श्रिंप मरत राहणार आणि गिऱ्हाईक परत येत राहणार.

आता काचवाल्याकडून दोन फुटी टँक बनवून घेतलाय, ६० बाय ३० बाय ३०, बाहेरून ५४ लिटर. उंच घेऊ नका, श्रिंप खाली चरत फिरतात, त्यांना तळाची जागा लागते. सध्या सायकल व्हायची आहे म्हणून श्रिंपशिवाय नुसतं पाणी फिरून राहिलं त्यात.

पैसे परत मागितले तर दुकानवाल्या साहेबांनी बिल दाखवायला सांगितलं. बिलावर "फिश आयटम, १ नग" एवढंच, लिटर कुठेच नाही. मग दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. नशीब तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता, त्याचा स्क्रीनशॉट आणि स्टिकरखालच्या मापांचा फोटो काढून १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार केली आहे. हा सेट ज्यांनी घेतलाय त्यांनी बॉक्स फेकू नका, किमतीचं स्टिकर सोलून खालची मापं बघा, आणि नवीन घेणाऱ्यांनी बिलावर लांबी-रुंदी-उंची लिहूनच मागा, तो लिहायला का-कू करत असेल तर तिथूनच परत फिरा.