सुपरक्रॉस की रॅली, पहिली रेस कुठली मारायची?

मावसभावाकडे दिवाळीत एक्सपल्स (हिरोची कच्च्या रस्त्यावर पण चालणारी बाईक) आली, आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी फोनवर एकच प्रश्न, दादा सुपरक्रॉस करू का रॅली. सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून आता एकदाच लिहून टाकतो, त्याच्यासारखे अजून चारजण असतीलच. माझी लायकी आधीच सांगतो. दोन सीझन झाले, चार डर्ट रेस आणि दोन रॅली मारल्यात. ट्रॉफी एकच आहे, तीही लोकल क्लासमधल्या तिसऱ्या नंबरची, आईने फ्रीजवर ठेवलीये आणि तिच्यात आता लाईट बिलं असतात. आठवडाभर नाशकातल्या अंबड एमआयडीसीत नोकरी करायची आणि रविवारी गाडी, एवढाच काय तो माझा रेसर असण्याचा प्रकार.

ज्यांना फरकच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुपरक्रॉस, म्हणजे आपल्याकडे सगळे डर्ट ट्रॅक म्हणतात ते, एका मैदानात जेसीबीने माती ओतून बनवलेला छोटा ट्रॅक, त्यात टेबलटॉप (सपाट माथ्याचा उंचवटा), डबल (एका उंचवट्यावरून उडून दुसऱ्याच्या उतारावर उतरायचं), वूप्स (एकामागे एक छोटे उंचवटे), बर्म (वळणाच्या बाहेरची मातीची कड), आणि दहापंधराजण एकदम सुटतात, पाचसहा लॅप, जो पुढे तो जिंकला. रॅलीत एकेकटं सोडतात, मिनिटा-मिनिटाच्या फरकाने, कच्च्या रस्त्याचा काही किलोमीटरचा तुकडा बंद केलेला असतो त्याला स्पेशल स्टेज म्हणतात, तिथे घड्याळाशी रेस, आणि एका स्टेजपासून दुसऱ्या स्टेजपर्यंत चालू रस्त्यावरून ट्रॅफिकमधून साध्या माणसासारखं जायचं.

आता मला जे पहिल्या वर्षी कोणीच सांगितलं नाही ते. मिनिटं मोजा. माझ्या पहिल्या डर्ट रेसला सकाळी 6 वाजता रिपोर्टिंग होतं, मग स्क्रुटिनीची, म्हणजे गाडी तपासणीची लाईन (आरसे काढले का, साईड स्टँड काढला का, किल स्विच चालतो का, हेल्मेटचा पट्टा धड आहे का), मग प्रॅक्टिसचे तीन लॅप, मग चार तास झाडाखाली वडापाव, मग हीट, म्हणजे आपल्या गटाची रेस, मग संपलं. संध्याकाळी हिशोब केला तर गाडीवर बसून ट्रॅकवर काढलेला वेळ सगळा मिळून 17 मिनिटं. एंट्री फी, छोट्या हत्तीचं भाडं, दोन मित्रांचं जेवण, नवीन टायर, हे सगळं 17 मिनिटांसाठी. रॅलीत दोन दिवसांत नुसत्या स्पेशल स्टेजचाच माझा टाइम तासाच्या वर गेला, आणि ट्रान्सपोर्ट धरला तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बूड सीटवरच, किंवा खरं सांगायचं तर सीटच्या वर कारण दुसऱ्या दिवशी बसवतच नव्हतं.

म्हणून रॅली भारी? नाही, थांबा. त्या 17 मिनिटांत जे होतं ते रॅलीच्या दोन दिवसांत होत नाही.

स्टार्टचं सांगतो. लाईनीत उभे राहता, डावीकडच्याचा हँडल तुमच्या हँडलपासून वीतभर लांब, सगळ्यांच्या गाड्या रेव्ह होतायत त्यामुळे स्वतःच्या इंजिनाचा आवाजच कळत नाही, आरपीएम अंदाजाने, क्लच दोन बोटांत अर्धा सोडून धरलेला, 30 सेकंदाचा बोर्ड वर जातो, मग 5 चा, आणि मग पोटात जे काही होतं ते दहावीच्या रिझल्टलाही झालं नव्हतं. सुटल्यावर पहिल्या वळणापर्यंत तीनचार सेकंद असतील. पहिल्या रेसला मी सातआठ जणांच्या मागे अडकलो आणि त्यांच्या मागच्या टायरांनी उडवलेल्या मातीने गॉगल असा भरला की पुढचा टेबलटॉप मी दिसून नाही, आठवून मारला. तिसऱ्या लॅपला हात गेले. याला आर्म पंप म्हणतात, कोपरापासून खाली हात दगडासारखा होतो आणि बोटं ब्रेकवर जातात पण दाबली जात नाहीत. जिम करणारे पण रडतात कारण हा ताकदीचा प्रश्न नाहीये, टाकी गुडघ्यांनी न धरता सगळं वजन हँडलवर लटकवल्याचा आहे. हे मला सहा महिने प्रॅक्टिस करून कळलं नव्हतं ते एका हीटमध्ये कळलं. चौदात नववा आलो.

जंपचं पण तसंच. हवेत असताना पुढचं चाक जास्तच वर जायला लागलं तर मागचा ब्रेक दाबायचा आणि खाली जायला लागलं तर थ्रॉटल द्यायचा, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण टेकऑफच्या टोकावर घाबरून थ्रॉटल सोडला की पुढचं चाक खाली जातंच, आणि त्या वेळी अजून थ्रॉटल द्यायला जो हात लागतो तो ट्रॅकवर शंभरदा करूनच येतो. रॅलीत असा एकच एक जंप शंभरदा मिळत नाही, तिथे प्रत्येक वळण नवीन.

रॅलीची मजा वेगळ्याच जातीची आहे. पहिल्या रॅलीत दुसऱ्याच स्टेजला मागचं टायर पंक्चर. ट्यूबवालं टायर, दोन लिव्हर, एक ट्यूब, हातपंप, सगळं पाठीवर होतं पण घरी अंगणात ट्यूब बदलणं आणि एप्रिलच्या उन्हात ग्लोव्हज काढून, आपला टाइम पळतोय हे माहीत असताना बदलणं यात फरक आहे, मी घाईत नवीन ट्यूबच लिव्हरमध्ये चिमटली. मग बसलो बाजूला. एक आजी शेळ्या घेऊन चालल्या होत्या त्या थांबल्या, सगळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाळा, तुला एकट्याला टाकून गेले का रे सगळे?" काय उत्तर देणार. त्यांनीच पाणी दिलं. शेवटी त्याच फ्लॅट टायरवर रिम ठोकत स्टेज संपवली आणि शेवटून दुसरा आलो, पण फिनिश केलं. डर्ट ट्रॅकवर असं काही झालं असतं तर दुसऱ्या मिनिटाला ट्रॅकबाहेर ढकललं असतं.

आणि रॅलीत डोकं लागतं. टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या चौकीला, उशिरा पोचलात तर पेनल्टी, आणि लवकर पोचलात तरी पेनल्टी, हे मला आधी जोकच वाटला होता. टाइम कार्ड टँकबॅगेत जपून ठेवायचं, पेट्रोल कुठे भरायचं ठरवायचं, पहिल्या स्टेजला जीव काढला तर सहाव्या स्टेजला काय उरणार याचा हिशोब. ज्याला नुसतं पळवायचंय त्याला हे बोअर होतं. मला, खरं सांगू का, आवडलं.

आता वयाचं, कारण यावरच निम्म्यांचा निकाल लागतो. रॅलीत ट्रान्सपोर्ट सेक्शन सार्वजनिक रस्त्यावर असतो, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स हवं, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं हवं, म्हणजे 18 च्या आत विषयच नाही. सुपरक्रॉस बंद मैदानात, तिथे पालकांच्या सहीवर 18 च्या आतली पोरं पण उतरतात, आणि आपल्या पुण्यात नाशकात कोल्हापुरात अशी पोरं आहेत जी पंचविशीतल्या आपल्यासारख्यांना आतल्या लाईनने येऊन खाऊन जातात. कॉम्पिटिशन लायसन्स दोन्हीकडे लागतं, एफएमएससीआयचं (आपल्या मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना), ते आधी काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात पळापळ करू नका.

गाडी. एक्सपल्स 200 असेल तर दोन्ही होतं, हा तिचा मोठा गुण. स्टॉकमध्ये पुढचा सस्पेन्शन ट्रॅव्हल (चाक किती वरखाली होतं ते) 190 आणि मागचा 170 मिलिमीटर, रॅली किट टाकलं की 250 आणि 220. पण सीट एवढी वर जाते की साडेपाच फुटाच्या माणसाला दोन्ही पाय टेकत नाहीत, सिग्नलला बूड एका बाजूला सरकवून उभं राहायचं, सवय होते. रॅलीला ती गाडी एक नंबर. सुपरक्रॉसला चालते पण दीडशे किलोच्या वर वजन आहे ओ, डबल थोडक्यात चुकला आणि समोरच्या उताराऐवजी कड्यावर आपटलात की ते दीडशे किलो मनगटातून खांद्यात येतं. खरी मोटोक्रॉस, म्हणजे फक्त डर्टसाठीच बनवलेली, 250 सीसीची गाडी साधारण 105 किलोची असते. ती बघून जीव जातो हे मान्य, पण नवीन घ्यायला बापाचा प्लॉट विकावा लागेल, तिला आरसी नाही म्हणजे घरापासून चौकापर्यंत पण टेम्पोतून न्यायची, इंजिनाचं सगळं काम किलोमीटरवर नाही तासांवर, इतके तास झाले ऑइल, इतके तास झाले पिस्टन. एका ओळखीच्याने सेकंडहँड घेतली, हौसेने, दोन महिन्यांत इंजिन उघडलं आणि पार्ट यायला पाच महिने. पाच महिने ती गाडी त्याच्या हॉलमध्ये उभी होती, वर टॉवेल वाळत घालायचे. पहिली रेस आहे तर इंडियन बाईकच्या नॉव्हिस, म्हणजे नवशिक्यांच्या क्लासमध्ये उतरा, तिथे सगळे आपल्यासारखेच असतात.

लागण्याबिगण्याचं. सुपरक्रॉसमध्ये पडणं जास्त, आणि आपण पडलो की मागचा अंगावर येतो ही खरी भीती, म्हणून यलो फ्लॅग (पुढे कोणीतरी पडलंय) दिसला की जंप मारायचा नाही, कितीही मागे असलात तरी. पण डॉक्टर आणि अँब्युलन्स शंभर मीटरवर असतात. रॅलीत एकटेच पडता, मागचा रायडर येऊन थांबेपर्यंत एकटेच. स्पीडही जास्त असतो. माझं कॉलरबोन ट्रॅकवर मोडलं, रॅलीत फक्त क्लच लिव्हर मोडला, पण दोनचार रेसवरून नियम काढू नका. सी. एस. संतोष, जो 2015 ला डकार (सगळ्यात अवघड समजली जाणारी रॅली) पूर्ण करणारा पहिला भारतीय, त्याला 2021 च्या डकारमध्ये पडल्यावर कोमात ठेवावं लागलं होतं, एवढा अनुभव असून. बूट आणि नी गार्डवर कंजूषी करायची नाही, जर्सी रस्त्यावरची 300 ची पण चालते. आणि घरच्यांना न सांगता जाणाऱ्यांसाठी, गाडीच्या साध्या इन्शुरन्समध्ये रेसिंग बसत नाही, मेडिक्लेमची अटींची पानं पण एकदा वाचा.

धुळीचं गाऱ्हाणं करून घेतो. एका रेसला (नाव घेत नाही) आयोजकांनी टँकरच बोलावला नव्हता, दुपारी ट्रॅकवर धुळीची भिंत, पुढचा दिसत नाही, तरी हीट सोडली. मी माघार घेतली, एंट्री फी गेली, मित्र हसले. परत तीच वेळ आली तर परत माघार घेईन. रॅलीत पुढच्याची धूळ खायला लागते पण मिनिटभराचं अंतर असतं, वारा असेल तर बसून जाते.

घरच्यांचा मुद्दा छोटा वाटतो पण आहे. सुपरक्रॉस घरचे बघायला येऊ शकतात, बाबा आले होते, काही बोलले नाहीत पण नंतर स्वतःहून चेन ल्यूब आणून दिलं. रॅलीत घरच्यांना दिसतं काय तर तुम्ही सकाळी गेलात आणि रात्री मातीत माखून आलात.

2024 च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली रेस झाली ती बघायला आम्ही तिघं गेलो होतो. परदेशी पोरं 450 सीसीच्या गाड्या घेऊन जे उडत होती ते बघून परत येताना चाकणपर्यंत गाडीत कोणीच बोललं नाही. तेव्हा मला वाटलं आपण रॅलीच करावी, तिथे निदान कोणी डोक्यावरून उडून जात नाही. पण मग बघा ना, हरिथ नोआ, ज्याने 2024 च्या डकारला रॅली 2 क्लास (सगळ्यात वरच्या क्लासच्या खालचा) जिंकला आणि ओव्हरऑल 11 वा आला, तो आधी सुपरक्रॉसचा नॅशनल चॅम्पियन, एकदा नाही अनेकदा. संतोष पण डर्ट ट्रॅकमधूनच आलेला. हात तिथे बसतो, मग लांब जाता येतं. उलट्या रस्त्याने गेलेला माझ्या ओळखीत तरी कोणी नाही.

तर मावसभावाला माझं उत्तर असं. तू 19 चा आहेस, लायसन्स आहे, गाडी एक्सपल्स आहे म्हणजे दोन्ही दारं उघडी आहेत. पहिलं वर्ष डर्ट ट्रॅक कर, दोन रेस बास, आणि त्या दोन रेसच्या मध्ये दर रविवारी प्रॅक्टिस, कारण 17 मिनिटांत कोणी शिकत नाही, 17 मिनिटांत फक्त काय येत नाही ते कळतं. प्रॅक्टिसला जागाच नसेल, म्हणजे तुझ्या गावाजवळ नुसती काळी माती आहे जी पावसाळ्यात मडगार्डमध्ये भरून चाकच फिरू देत नाही, तर मग सुपरक्रॉस सोड, थेट रॅली कर, कच्चे रस्ते तर कुठेही आहेत. नोकरीला लागलास आणि सुट्ट्या कमी असतील तरी सुपरक्रॉस, रॅलीला शुक्रवारपासून सोमवारपर्यंत दिवस जातात आणि मंगळवारी पण तू कामाचा नसतोस. आणि तुला गर्दीत धक्के खायला आवडतच नसेल, क्रिकेटमध्ये पण तू कायम बाउंड्रीलाच उभा असायचास, तर माझं सगळं विसर आणि रॅलीच कर.

आम्ही रविवारी सकाळी 6 ला म्हसरूळच्या पुढे मुरमाच्या माळावर असतो, ऊन चढायच्या आत उरकतं. टायरमध्ये हवा 15 पीएसआयच्या आसपास ठेवून ये, रस्त्याच्या प्रेशरवर तिथे गाडी नुसती सरकते. आणि क्लच लिव्हर दोन आण, एक माझ्यासाठी, रॅलीत मोडला तो मी तुझ्याच गाडीचा काढून नेला होता हे तुला अजून कळलेलं दिसत नाही.