खालची कवळी, दोन इम्प्लांट आणि १४ महिन्यांची पकड

वरच्या कवळीबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, ती टाळूला धरून बसते. खालचीला तो आधार नाही, जीभ सारखी ढकलते, आणि माझं खालचं हाड झिजून नुसती धार उरली होती. सहा वर्षं मी भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. मागच्या वर्षी सुळ्यांच्या जागी हाडात दोन इम्प्लांट, म्हणजे धातूचे स्क्रू, बसवले, त्यांवर लोकेटर, म्हणजे कवळी अडकवायची बुटकी बटणं. थोरल्या ताईने माझ्या आधी वर्षभर हेच केलं, पण तिचे बॉलचे आहेत, म्हणजे इम्प्लांटवर गोल गोळी आणि ती धरायला कवळीत रबरी रिंगा. त्यामुळे दोन्हींची तुलना घरातच होते.

लोकेटरच्या कवळीत धातूच्या टोपणात नायलॉनची कॅप असते. निळी साधारण ६८० ग्रॅमची ओढ धरते, गुलाबी १.३६ किलोची, पारदर्शक २.२७ किलोची. मी हट्टाने पारदर्शक घेतली. माझ्या अंगठ्यांना संधिवात आहे. पहिल्या रात्री कवळी निघता निघेना, नख मोडलं, डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी गुलाबी घालून घेतली आणि सुटले. बोटांत जोर नसेल तर कृपा करून घट्टच्या मागे लागू नका.

पहिले तीन-चार महिने बसताना टक्क आवाज यायचा. मग तो बोथट झाला. आठव्या महिन्यात पेरू खाताना उजवी बाजू उचलली जायला लागली. डॉक्टरांनी कॅप काढून भिंगाखाली दाखवली: डावी धड, उजवीची कड फाटलेली. मी कवळी तोंडात ठेवून दात दाबून बसवत होते, तेही उजव्या बाजूने. बोटांनी दोन्हीकडे सारखा दाब द्यायचा, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्याचा मला अजून राग आहे. कॅप बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

संक्रांतीला कवळी एकाएकी सैल झाली, तेव्हा कॅपचा दोष नव्हता. लोकेटरच्या मधल्या खळगीत तीळ अडकून घट्ट बसला होता. आता रोज रात्री मऊ ब्रशने ती खळगी साफ करते. ताईच्या बॉलला खळगीच नाही, तिला ही कटकट नाही. पण तिच्या रिंगा हळूहळू ढिल्या पडतात, दोनदा बदलून झाल्या. शिवाय बॉल उंच असल्यामुळे तिथे कवळीचं प्लास्टिक पातळ राहिलं आणि एकदा नेमकी तिथेच चीर गेली.

अजून एक ओळखायला शिकले. मागच्या दाढांवर बोट दाबलं की माझी कवळी पुढून उचलली जाते. कॅप नवी असूनही हे होतं, कारण मागची हिरडी खाली बसली आहे. तिथे नवी कॅप घालून काही होत नाही, रिलाइन करावं लागतं, म्हणजे कवळीला आतून नवा थर देऊन ती हिरडीला नीट बसवायची. पुढच्या आठवड्यात त्याचीच वेळ घेतली आहे. गुलाबी कॅप मात्र तशीच ठेवणार. ज्वारीची भाकरी आता कोरडी खाते.