डीस्पेस, आठ महिन्यांनंतर: ‘गाणी’ शोधली की ‘गाणीं’ सापडत नव्हती

गेल्या महिन्यात एक आजोबा वाचनालयात आले. लहानपणी आमच्याकडेच वाचलेलं गाण्यांचं पुस्तक त्यांना परदेशातल्या नातीला पाठवायचं होतं. संगणकावर डीस्पेसमध्ये, म्हणजे स्कॅन केलेली पुस्तकं साठवून शोधायच्या आमच्या प्रणालीत, नाव टाकलं, काहीच आलं नाही. पुस्तक कपाटात होतं, स्कॅनही मीच केलेलं. ‘असू दे, बाई’ म्हणून आजोबा उठले. मला फार लागलं ते.

कारण एक टिंब. शीर्षकपृष्ठावर ‘गाणीं’, आजोबांनी टाइप केलं ‘गाणी’. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुस्वार गेले, पण आम्ही स्कॅन केलेली जवळपास सगळी पुस्तकं त्याआधीची. ‘नाटकें’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’, सगळीकडे तेच.

बाकी डीस्पेस चांगलं आहे. फुकट आहे, पीडीएफ पटकन उघडतात. पण बसवून देणाऱ्या एजन्सीने जुन्या-नव्या लेखनाचा शोध जमवण्यासाठी जी रक्कम सांगितली, तेवढ्यात आमची दोन वर्षांची मासिकं येतात. अनुदानावर चालणारं वाचनालय आहे हे, कुठून आणायचे?

चिडून मी शीर्षकंच नव्या लेखनात बदलायला घेतली. चाळीसेक झाली असतील, तेवढ्यात पीएचडी करणारी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, नोंदीत एक नाव, स्कॅनमध्ये दुसरं. संदर्भात कुठलं लिहू?” तिचं बरोबर होतं. छापलेलं नाव बदलायचा हक्क ग्रंथपालाला नाही. सगळी परत होती तशी केली.

आणि मग दिसलं की पर्यायी शीर्षकाचा रकाना पहिल्या दिवसापासून आहे, आम्हीच तो रिकामा सोडत होतो! सगळ्या नोंदी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) उतरवल्या, त्या रकान्यात आजचं लेखन भरलं, फाइल परत चढवली. चार संध्याकाळी गेल्या, पैसा एक नाही. एजन्सीने हे का सांगितलं नाही, याचा राग अजून आहे. त्याच फाइलीत सालंही सुधारली. निम्म्या पुस्तकांवर नुसते शके आहेत आणि इसवी सन काढायला आम्ही सरसकट ७८ मिळवले होते. फाल्गुनात निघालेल्या पुस्तकाला ७९ लागतात.

आता ‘गाणी’ टाकलं की अकरा पुस्तकं येतात, आजोबांचंही. त्यांचा नंबर मात्र मी घेतला नव्हता. समोरच्या चहावाल्याला सांगून ठेवलंय, दिसले की आत पाठव.