दशमांश: मंडळीच्या (चर्चच्या) दानपाकिटात की थेट गरजूच्या हातात?

घोरपडीला राहणारा माझा भाचा, पहिली नोकरी, पगार तीस हजार. म्हणजे दशमांश, देवासाठी काढायचा उत्पन्नाचा दहावा भाग, तीन हजार. ‘मावशी, चर्चमध्ये टाकू की शेजारच्या काकूंच्या डायलिसिसला देऊ?’

शास्त्र पाहिलं तर दोन्ही बाजूंना आधार आहे. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात (३:१०) म्हटलंय, सगळा दशमांश मंदिराच्या भांडारात आणा. पण बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, १४व्या अध्यायात, दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशावर लेव्यांबरोबर (देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशाबरोबर) परके, अनाथ आणि विधवाही जेवतात. तेव्हा ‘पाकिटातच टाक, नाहीतर आशीर्वाद अडेल’ हे ऐकून घाबरायचं कारण नाही.

पैसा कुठे गेला? थेट दिला तर पावती समोर दिसते. मंडळीत वार्षिक हिशेब मागावा लागतो. आमच्या जुन्या मंडळीत मी एकदा मागितला, तर सहा महिने नुसतं ‘पुढच्या रविवारी’.

करसवलत? निव्वळ धार्मिक दानाला आयकराच्या ८०जी कलमाची सूट नाही, काकूंच्या हातात दिलेल्यालाही नाही. इथे बरोबरी.

खरा फरक टिकण्याचा. काकूंना आठवड्यातून दोनदा मशीनवर जावं लागतं; एकट्याचे तीन हजार किती दिवस पुरणार? पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन, निराधार स्त्रियांचा आश्रम, शतकाहून जास्त टिकलं, ते संस्था म्हणून. शिवाय थेट देताना उपकाराचं ओझं येतं. काकू आता भाच्याला जिन्यात बघून पदर सावरतात, मला ते बघवत नाही.

मंडळी हिशेब वाचून दाखवत असेल आणि तुला दर महिन्याला ठरवत बसायचं नसेल, तर पाकीट. गरज आज दारात उभी असेल तर थेट, पण पैसे गुपचूप दवाखान्याच्या काउंटरवर भर.