स्प्लेंडर की फ्रीडम सीएनजी: अ‍ॅव्हरेज कोणाचं भारी?

रोज कामाला लांब जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न थेट पगाराशी जोडलेला आहे, म्हणून नीट हिशेब करूया.

हिरो स्प्लेंडर प्लसचं इंजिन ९७.२ सीसीचं, वजन जेमतेम ११२ किलो. टायर प्रेशर आणि चेन नीट ठेवली तर ६०-६५ चं अ‍ॅव्हरेज आरामात मिळतं. टाकी ९.८ लिटरची. एकदा फुल केली की आठवडाभर पंपाकडे बघायला नको.

बजाज फ्रीडम १२५ जुलै २०२४ मध्ये आली. सीटखाली २ किलो सीएनजीची टाकी, वर २ लिटर पेट्रोल. कंपनीचा दावा किलोला १०२ किलोमीटरचा. रस्त्यावर ९० धरा. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ९० रुपये धरलं, तर स्प्लेंडरला किलोमीटरमागे साधारण १ रुपया ६० पैसे लागतात, फ्रीडमला १ रुपया. रोज ४० किलोमीटर असतील तर महिन्याला, म्हणजे कामाच्या २५ दिवसांत, सहाशे रुपये वाचतात. घरखर्चात ही रक्कम लहान नाही!

पण गॅस संपतो १८० किलोमीटरला. म्हणजे आठवड्यातून एक-दोनदा रिक्षांच्या रांगेत उभं राहणं आलं. शिवाय गाडी स्प्लेंडरपेक्षा बरीच जड, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन केलेली तपासणी.

पंप वाटेवर असेल आणि रनिंग जास्त असेल तर मी बेधडक फ्रीडम सांगेन. गावाकडे, जिथे सीएनजीसाठी तालुक्याला जावं लागतं, तिथे स्प्लेंडरच घ्या.